हुपरीच्या मुशीतला डॉलर

"ती पिशवी तराजूवर ठेवू नकोस, हेमंत," मी दारातूनच म्हणाले.

हेमंतचा हात अर्ध्यावर थांबला. हेमंत माझा धाकटा भाऊ. त्याच्या हातात आईच्या जुन्या साडीची शिवलेली पिशवी होती आणि पिशवीत बाबांची सगळी नाणी. समोरच्या लाकडी खुर्चीत आबाकाका बसले होते. ते बाबांचे थोरले भाऊ आणि गावच्या सातेरी देवीच्या देवळाचे विश्वस्त. भट्टीपाशी बनियन घातलेले बाबगोंडा चौगुले उभे होते. हुपरीत चांदी आटवणारी, घडवणारी घरं पुष्कळ, पण देवांचे मुखवटे करून घ्यायचे तर लोक चौगुल्यांकडे येत. भट्टीत मूस लाल झाली होती आणि गावाकडून आलेल्या समया, पेले, मोडके करंडे तिच्यात आधीच वितळलेले होते.

"आलीस?" आबाकाका म्हणाले. "बस गो, वृंदा. चहा सांगितलाय."

"मी नाणी न्यायला आलेय, काका."

"आधी घाम तरी पूस."

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मी इचलकरंजीच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. सकाळी कामावर पोचता पोचता कोल्हापूरहून हेमंतचा फोन आला. आबाकाका आलेत, सातेरीचा नवा चांदीचा मुखवटा करायचा आहे, बाबांची नाणी त्यात द्यायचं ठरलं आहे आणि आम्ही हुपरीला निघालो आहोत, असं त्याने एका दमात सांगितलं. कुणी ठरवलं, असं मी विचारलं तर म्हणाला, "ताई, देवीच्या कामाला विचारायचं काय असतं?" मी कॉलेजच्या फाटकावरूनच मागे वळले आणि हुपरीची एसटी धरली.

"पिशवी इकडे दे," मी हेमंतला म्हणाले.

त्याने पिशवी दिली नाही, पण तराजूवरही ठेवली नाही. उघडून मला दाखवली. "बघ तरी. शुभदाने किती मेहनत घेतलीय. देवीला द्यायची म्हणून पेटीतली आणि डब्यातली एकत्र केली आणि आंघोळ करून, सोवळ्याने बसून सगळी घासली. चिंच, मीठ आणि मग रांगोळी."

मी आत पाहिलं. नाणी अशी चकाकत होती की डोळ्यांना टोचावीत. बाबा नाण्यावर कधी ओलं फडकंसुद्धा लावू देत नसत. चांदीवर शंभर वर्षांत जो राखाडी, निळसर, कडेला तांबूस असा रंग चढतो, त्याला ते नाण्याचं वय म्हणत. शुभदावहिनीने सगळ्यांचं वय घासून काढलं होतं. तिचा दोष नव्हता. आमच्याकडे सणाच्या आधी चांदीची भांडी अशीच घासतात आणि जी सून ती जास्त चकाकवते तिचं कौतुक होतं.

"छान झालीत," मी म्हणाले. "आता दे."

बाबा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्यांच्या बरोबरचे लोक घरी येताना टेपरेकॉर्डर, अत्तरं, नायलॉनच्या साड्या आणत. बाबा अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर आणत. त्यातही त्यांचा जीव ट्रेड डॉलरवर होता. अमेरिकेने चीनशी व्यापार करण्यासाठी हे नाणं पाडलं होतं. त्यावर एक बाई मालाच्या गाठोड्यांवर बसलेली असते आणि समुद्राकडे हात पुढे करून डहाळी धरते. चीनमधले व्यापारी हातात आलेलं नाणं पारखून घेत आणि खरं निघालं की त्यावर आपला छोटा ठसा मारून पुढे देत. काही नाण्यांवर इतके ठसे असत की बाईचा चेहराही राहत नसे. पुष्कळ संग्राहक अशी नाणी खराब झालेली म्हणून बाजूला सारतात. बाबा नेमकी तीच निवडत. "इतक्या लोकांनी तपासून पास केलेला माणूस तुला कुठे मिळणार आहे?" असं म्हणत. ते नाण्याला माणूसच म्हणत.

आमच्या भाऊबंदांत मात्र याची चेष्टाच व्हायची. लग्न असो की बारसं, आबाकाका कुणालातरी बाबांकडे बोट दाखवून सांगत, "हा आमचा गजा. अख्खं जग फिरला आणि चिल्लर घेऊन आला." लोक हसत. बाबाही हसत. मला त्या हसण्याचा राग यायचा, बाबांच्यासुद्धा.

चहा आला. मी घेतला नाही.

"हे बघ, वृंदा," आबाकाका बशीत चहा ओतत म्हणाले, "तुला वाटत असेल, अमेरिकेचे डॉलर म्हणजे लाखाची वस्तू. हेमंतने चौकशी केलीय. सांग रे तिला."

हेमंतने मान खाली घातली. "मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोटो पाठवले होते. तो म्हणाला, घासलेली नाणी कोणी विचारत नाही. चांदीच्या भावाने जातील."

"तेच तर. म्हणजे तुझं नुकसान काही नाही."

"मला विकायची नाहीत."

"मग कशाला हवीत?"

"आटवायची नाहीत म्हणून."

"कारण?"

"कारण सांगणार नाही."

आबाकाकांनी बशी खाली ठेवली. त्यांना आयुष्यभर कारणं ऐकायची सवय होती. देवळात कुणाला नारळ आधी द्यायचा, कुणाचा मान कितवा, हे सगळं त्यांच्यासमोर कारणांनिशी मांडलं जायचं आणि मग ते निकाल द्यायचे. कारण न सांगणारी पुतणी त्यांच्या कामाची नव्हती.

कारण माझ्यापाशी होतं. एसटीत बसल्यापासून ते मी दातांखाली धरून आणलं होतं आणि त्या जागेत, त्या माणसांपुढे ते सुटू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. हावरट म्हणाले तरी चालेल, असं मी स्वतःला बजावलं होतं.

"ताई," हेमंत हळू आवाजात म्हणाला, "असं करू. निम्मी तू घे. तुझी आवडती निवडून घे. उरलेली देवीला देऊ. बाबांचं नाव मुखवट्याच्या मागे कोरणार आहेत."

"नको."

"निम्मीसुद्धा द्यायची नाहीत?"

"एकही नाही."

"हे बरं आहे," आबाकाका चौगुल्यांकडे वळून म्हणाले. "लेक शिकली, पुस्तकांत बसली आणि देवीचं तोंडसुद्धा तिला परकं झालं."

चौगुल्यांना आमच्या घरच्या भांडणात पडायचं नव्हतं. ते फुंकणीने भट्टी फुलवत होते. "मालक, काय ठरवायचं ते ठरवा," ते म्हणाले. "मूस तापली की माणसासाठी थांबत न्हाई. आणि ही नाणी परदेशातली हायत, तवा आधी मी त्यांच्यावरनं चुंबक फिरवणार, मग कस लावणार. देवीचं काम हाय. माल बघितल्याबिगर मी आत घालत न्हाई."

त्यांच्या पाटावर लाउडस्पीकरमधून काढलेलं जाड काळं चुंबक पडलं होतं. मी पाट आणि हेमंत यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"काही फिरवायची गरज नाही," मी म्हणाले. "नाणी परत चाललीत."

"अगो, बाजूला हो."

"नाही होणार, काका."

"देवीच्या नावाने घराबाहेर काढलेली वस्तू माघारी नेत नाहीत. आपल्यात आजवर कुणी नेलेली नाही."

"मी नेईन."

"आणि उद्या गावात विचारतील, गजाच्या घरातून काय आलं, तर काय सांगू?"

"सांगा, मुलीने दिलं नाही म्हणून. माझं नाव घेऊन सांगा."

हेमंत माझ्याकडे असं पाहत होता की जणू मी लहानपणीचीच, त्याच्या हातची वस्तू ओढून घेणारी ताई आहे. तो वाईट नव्हता. बाबांचं शेवटचं सगळं त्याने आणि शुभदावहिनीने केलं होतं. भाऊबंदांपुढे बाबांचं नाव एकदा तरी चांगल्या कारणाने घेतलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. आम्हा दोघांना एकच गोष्ट हवी होती, पण मला ते त्याला तिथे सांगता येत नव्हतं.

चौगुले म्हणाले, "आमच्यात रीत हाय, ताई. देवाच्या कामाला ज्या घरचा माल, त्या घरच्या माणसानं पहिला डाग, म्हंजे पहिली वस्तू, स्वतःच्या हातानं मुशीत घालायचा. तुम्हा भावाबहिणीचं जुळत नसंल तर माल परत न्या. माझ्यावर आणू नका."

"घरचं माणूस मीही आहे," आबाकाका म्हणाले.

ते इतक्या चपळाईने उठतील असं मला वाटलं नव्हतं. हेमंतच्या हातातल्या उघड्या पिशवीत त्यांनी हात घातला, मिळालं ते नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि चौगुले हात पुढे करेपर्यंत मुशीत टाकलंसुद्धा. "गजाच्या नावाने," ते म्हणाले.

मी मुशीकडे पाहिलं. चांदीत चांदी टाकली की ती बुडते, कडेने पाझरते आणि बघता बघता नाहीशी होते. मी मनात म्हणत होते, बुड. आयुष्यात मी पहिल्यांदाच बाबांच्या एखाद्या नाण्याचा नाश व्हावा म्हणून देव आठवत होते.

ते बुडलं नाही. वितळलेल्या चांदीवर तरंगत राहिलं. वरची चकाकी कातडं सोलावं तशी सुटली आणि खाली काळी चकती उरली. चौगुल्यांनी लांब सळईने तिला ढोसलं. ती एका बाजूने कलली आणि पुन्हा सरळ झाली.

"लोखंड हाय हे," ते म्हणाले. "वर नुसता मुलामा."

आबाकाका हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्याने, शेवटी खुर्चीचा हात धरून.

"म्हणजे चिन्यांनी आमच्या गजाला टोपी घातली. सातासमुद्रांपलीकडे जाऊन लोखंड घेऊन आला. चिल्लर चिल्लर म्हणत होतो ते चुकलंच माझं, चिल्लरसुद्धा नव्हती ती. चौगुले, फिरवा तुमचं चुंबक. किती आहेत असली, बघू या तरी."

हेमंतचे कान लाल झाले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुला माहीत होतं?"

एसटीत मी याच क्षणाला घाबरले होते. पण तो येऊन गेला तेव्हा माझ्या छातीत काही राहिलंच नव्हतं, नुसती मोकळी जागा होती आणि त्या जागेत माझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"हो," मी म्हणाले. "चुंबक फिरवायची गरज नाही, काका. बिस्किटाच्या डब्यातली होती ती सगळी खोटी. सागवानी पेटीतली खरी. वहिनीने दोन्ही एकत्र ओतली, तिला कुणी सांगितलं नव्हतं."

"गजाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. हाँगकाँगच्या एका गल्लीत त्यांनी ओंजळभर नाणी घेतली. जहाजावर येऊन रेडिओच्या खोलीतलं चुंबक लावलं तर सगळी त्याला चिकटली. ते मला स्वतः सांगत होते, हसत. थर्ड ऑफिसर म्हणाला, पुढच्या बंदरात अमेरिकन खलाशी भेटतील, त्यांच्या गळ्यात मारा. तिकडे सगळे तेच करत. खोटं हाताला लागलं की पुढच्याला द्यायचं. बाबांनी दिलं नाही. घरी आणून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं."

"समुद्रात टाकायचं."

"मीही तेच म्हटलं होतं. ते म्हणाले, समुद्रात टाकलं तर पुढच्या वेळी मला कोण शिकवणार? आणि पुढच्या वेळी ते पुन्हा फसले, काका. दोनतीनदा फसले. डबा भरत गेला."

"मग शहाणपण ते काय आलं?"

"डब्यातली सगळी त्यांनी फसून घेतलेली नाहीत. जहाजावर कायतान म्हणून गोव्याचा खानसामा होता. त्याने मुलीच्या लग्नात द्यायला म्हणून डॉलर घेतले आणि मोठ्या कौतुकाने बाबांना दाखवायला आणले. बाबांनी हातात घेतले आणि त्यांना कळलं. ते कायतानला म्हणाले, मला फार आवडलेत, मला दे. त्याने दिले होते तेवढेच पैसे देऊन ते घेतले. ते खोटे आहेत हे त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलीला त्याने त्या पैशांत काय घेतलं, ते मात्र बाबांना माहीत होतं. तिच्या लग्नाचा फोटो आला होता घरी."

चौगुले सळई हातात धरून उभे होते.

"म्हणजे जाणूनबुजून फसला," आबाकाका म्हणाले. त्यांचं हसू पुरतं गेलं नव्हतं, पण ते आता कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. "ते त्याहून वेड्याचं लक्षण."

"हो. तसंच सांगा गावात. चिल्लर आणली म्हणू नका, नीट सांगा. गजाननच्या हातात जे खोटं आलं, ते त्याच्या घरात येऊन थांबलं. त्याने ते पुढे कुणाला दिलं नाही."

बोलता बोलताच मला कळत गेलं की मी सकाळपासून भलतंच राखत होते. बाबा फसले हे कुणाला कळू नये म्हणून मी धावत आले होते, आणि बाबांनी तर ती पेटी आणि तो डबा एकाच कपाटात, एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवले होते. कुलूप कशालाच नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या कुणीही तो बिस्किटाचा डबा उघडून विचारलं असतं, तर त्यांनी हीच गोष्ट सांगितली असती, हसत. कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचं ते हसणं मला तेव्हा, त्या भट्टीपुढे, पहिल्यांदा पटलं.

हेमंतने पिशवीचं तोंड आवळलं, नाडीला गाठ मारली आणि पिशवी माझ्या हातात दिली. आबाकाकांनी त्याला थांबवण्यासाठी तोंड उघडलं.

"असू दे काका," तो म्हणाला. "ताई नेतेय."

"आणि देवीला काय?"

"देवीला मी माझ्या पगारातून देईन," मी म्हणाले. "माझ्या नावाने. बाबांचं नाव मुखवट्याच्या मागे नको. त्यांना मागे राहायची सवय होती, ते खरं, पण तुमच्या हाताने नको."

मी चौगुल्यांकडे वळले. "तेवढं बाहेर काढून द्या."

"काय?"

"ते लोखंड."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुशीकडे. चिमटा आत घालून त्यांनी ती चकती अलगद उचलली आणि विटेवर ठेवली. काळी, वाकडी, एका कडेला चांदीचा ओघळ थिजलेला. गाठोड्यांवर बसलेली बाई कुठे होती, हात कुठे होता, काही समजत नव्हतं.

"ह्याचं काय करणार, ताई?"

"ठेवणार."

आबाकाका खुर्चीतून पुढे वाकले. माघार त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती, आणि आताही घेणार नव्हते. त्या बाबतीत आम्ही एकाच घरातले होतो.

"त्याला देवीची चांदी लागलीय," ते म्हणाले. "ती देवळाची. ती तुला नेता यायची नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "चांदी खरवडून घ्या, काका. लोखंड मला द्या."

त्यांना वाटलं मी बोलण्यासाठी बोलतेय. चौगुल्यांना तसं वाटलं नाही. त्यांनी चकती पाण्यात बुडवली, चर्र झालं, मग पाटावर बसून त्यांनी तिला चिमट्यात आवळलं आणि कानस उचलली. खाली कागद पसरला, देवीचा एक कणही वाया जाऊ नये म्हणून. कानशीचा आवाज दातांत शिरत होता. हेमंत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आबाकाका कागदावर पडणारी पांढरी भुकटी पाहत राहिले. मला कुणीतरी दुसऱ्यांदा बसायला सांगितलं. मी बसले नाही. शेवटचा पांढरा डाग निघेपर्यंत मी तिथेच, पिशवी छातीशी धरून, उजवा हात पुढे करून उभी राहिले.